कार्डस्टॉक घरी ठेवायचा कसा: कमी खर्चाची मांडणी, मापांसकट

कार्डस्टॉकच्या, म्हणजे कार्डं आणि हस्तकलेसाठीच्या जाड कागदाच्या, दोन गरजा एकमेकींच्या विरोधात जातात. कागद डोळ्यांसमोर असला तरच वापरला जातो. कपाटाच्या तळाशी गेलेला गठ्ठा विसरला जातो आणि त्याच रंगाचं दुसरं पाकीट घरात येतं. पण उघड्यावर ठेवलेल्या कागदाचा रंग उजेडाने उडतो, तो हवेतली ओल पिऊन वाकतो आणि त्याच्या कडांवर धूळ बसते. विकत मिळणाऱ्या उघड्या, देखण्या मांडण्या पहिली गरज भागवतात, दुसरी सहसा नाही. घरी पुठ्ठ्यातून केलेली मांडणी दोन्ही भागवू शकते. कागद बंद, कोरडा आणि सरळ ठेवायचा, आणि समोर ठेवायचा तो फक्त त्याचा नमुना. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका विचाराभोवती रचल्या आहेत.

साधारण पन्नास ते पाच-सहाशे कागद असलेल्या कोणालाही हे करता येईल. त्याहून जास्त साठा असेल तर हेच दोनदा करायचं, एवढाच फरक.

लागणारं सामान

- छपाईच्या कागदाचे पाच रीम (पाचशे कागदांचे गठ्ठे) ज्यात येतात ते खोकं, शक्यतो झाकणासह
- मोठ्या वस्तूंच्या खोक्यांचा जाड, आत नागमोडी थर असलेला पुठ्ठा (पाच थरी, सुमारे ६ मिमी जाडीचा)
- स्टीलची पट्टी, काटकोन (गुण्या), कटर, दोन-तीन नवी पाती, कटिंग मॅट
- पांढरा गोंद आणि रुंद कागदी टेप
- एक भोक पाडणारा पंच आणि उघडबंद होणाऱ्या दोन-तीन कड्या
- झिपचे पारदर्शक पाऊच, ए५ आकाराचे
- पेन्सिल, जाड मार्कर
- साधा आर्द्रतामापक

यातल्या दोनच गोष्टींवर थोडा खर्च करावा असं मी आग्रहाने सांगेन: नवी पाती आणि आर्द्रतामापक. बोथट पात्याने पुठ्ठा कापला की कड दबते आणि माप चुकतं. आर्द्रतामापकाशिवाय ओलीबद्दल आपण फक्त अंदाज बांधत राहतो.

१. खोकी आणण्याआधी कागद मोजा

बहुतेक जण सुरुवात उलटी करतात. आधी डबे येतात, मग कागद त्यात कोंबला जातो. त्याऐवजी घरातला सगळा कार्डस्टॉक एका जागी आणा आणि आधी आकाराप्रमाणे वेगळा करा: ए४ (२१० × २९७ मिमी), ए३, १२ इंची चौरस (सुमारे ३०५ मिमी), आणि कापून उरलेले तुकडे. मग प्रत्येक गटात वजनाप्रमाणे ढीग करा. पाकिटावर जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. रोजचा छपाईचा कागद ७० ते ८० जीएसएम असतो आणि कार्डस्टॉक साधारण १६० पासून ३५० पर्यंत जातो.

सुटा कागद असेल आणि जीएसएम माहीत नसेल तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ए४ चे दहा कागद ठेवा. ए४ चे १६ कागद मिळून जवळजवळ एक चौरस मीटर होतो. म्हणून एका कागदाचं ग्रॅममधलं वजन गुणिले १६ केलं की जीएसएम मिळतं. दहा कागद १५६ ग्रॅम भरले तर एक १५.६ ग्रॅमचा, म्हणजे कागद २५० जीएसएमचा.

हे वजन पुढेही लागणार आहे. २५० जीएसएमचे ए४ चे शंभर कागद म्हणजे दीड किलोहून थोडं जास्त वजन आणि सुमारे ३ सेंमी जाडी. कागद खरखरीत पोताचा असेल तर जाडी आणखी वाढते. पाचशे कागदांचं खोकं आठ किलोच्या घरात जातं. नाश्त्याच्या पातळ खोक्यांपासून कप्पे करा असा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. ते साध्या कागदाला आणि मासिकांना ठीक आहे. कार्डस्टॉकच्या वजनाखाली असा कप्पा काही आठवड्यांत पोटात फुगतो, आणि आतला कागद त्याच फुगवट्याचा आकार घेतो.

२. आडवा ठेवायचा की उभा?

आडवा ठेवलेला कागद सपाट राहतो, हे अगदी खरं. पण एकाच ढिगात वीस रंग ठेवले तर तळचा रंग काढताना वरचे सगळे उचलावे लागतात, कोपरे दुमडतात, आणि हळूहळू आपण फक्त वरचे चार रंग वापरू लागतो. उभा ठेवलेला कागद फायलींसारखा चाळता येतो, पण आधार कमी पडला की कलतो आणि कायमचा वाकतो.

माझं मत असं: २०० जीएसएम आणि त्यावरचे साधे ए४ कागद उभे ठेवा. २०० पेक्षा हलके, १२ इंची, ए३ आणि चकाकी असलेले सगळे आडवे ठेवा. मोठा आणि पातळ कागद उभा राहत नाही, त्याच्याशी झगडण्यात अर्थ नाही.

उभा ठेवताना कागद लांब बाजूवर उभा करा, आखूड बाजूवर नाही. मग उंची ३० ऐवजी २१ सेंमीच राहते आणि वाकायला वाव कमी मिळतो. आणखी एक तपासणी करा. कागद हातात धरून दोन्ही दिशांनी हलकासा वाकवून पाहा. एका दिशेने तो सहज वाकतो, दुसऱ्या दिशेने विरोध करतो. सहज वाकतो तेव्हा बाकाची रेघ ज्या दिशेला असते, ती तंतूंची दिशा. तंतू खालून वर जात असतील तर उभा कागद ताठ राहतो. आडवे असतील तर तो लवकर मान टाकतो, आणि अशा कागदाला आधार जास्त लागतो किंवा तो आडवाच ठेवावा लागतो. घडी घालतानाही ही दिशा उपयोगी पडते: तंतूंना समांतर घडी स्वच्छ बसते, आडवी घातली की तडकते. म्हणून पाकिटावर पेन्सिलीने तंतूंच्या दिशेचा बाण काढून ठेवा.

३. रीमच्या खोक्यातून उभा साठा

ए४ साठी याहून सोयीचं खोकं सापडणं कठीण. तळ साधारण २२ × ३० सेंमी आणि उंची २५ सेंमीच्या आसपास असते. मापं थोडी कमीजास्त असतात, म्हणून आपलं खोकं आधी मोजून घ्या. लांब बाजूवर उभा केलेला ए४ यात बरोबर मावतो आणि वर चार सेंमी जागा उरते.

तळाच्या पाकळ्या आतून गोंदाने आणि बाहेरून टेपने पक्क्या करा. तळाला पुठ्ठ्याचा आणखी एक तुकडा बसवा. आठ किलो वजन उचलताना पहिल्यांदा तळच सुटतो. मग समोरच्या ३० सेंमी रुंद बाजूचा वरचा भाग कापून ती १२ सेंमी उंचीची ठेवा. बाकी तीन बाजू तशाच राहू द्या, म्हणजे झाकण बसत राहील.

आता दुभाजक. जाड पुठ्ठ्याचे २९.५ सेंमी रुंद आणि २४ सेंमी उंच असे सहा तुकडे कापा. पुठ्ठ्यातल्या नागमोडी थराच्या नळ्या उभ्या यायला हव्यात. आडव्या आल्या तर दुभाजक मधोमध मोडतो. कागदापेक्षा तीन सेंमी वर डोकावणारा भाग लेबलासाठी आहे. दुभाजकांमधल्या प्रत्येक फटीत ३ सेंमीपेक्षा जास्त कागद नको. सहा दुभाजकांनी साडेतीन सेंमी व्यापले की कागदाला अठरा उरतात. त्यातले पंधरा-सोळाच भरा. इतक्या जागेत २५० जीएसएमचे पाचशेच्या आसपास कागद बसतात.

उरलेली दोन-तीन सेंमी मोकळी ठेवण्यातच पुढचा धोका आहे. मोकळ्या जागेत सगळे कागद कलतात. खोकं गच्च भरलं तर कागद ओढताना कडा सोलतात. उपाय सोपा आहे. पुठ्ठ्याची ३० सेंमी लांब पट्टी तीन ठिकाणी दुमडून आयताकृती पोकळ नळी करा आणि शेवटच्या फटीत सरकवा. कागद कमी झाला की जाड नळी, वाढला की बारीक नळी. वेगवेगळ्या जाडीच्या दोन-तीन नळ्या करून ठेवल्या तर खोकं कितीही रिकामं झालं तरी कागद ताठ राहतो.

भांडी निथळत ठेवायची तारेची जाळी उभा कागद ठेवायला वापरतात, ती टाळा. तारा कागदाला एका रेघेत दाबतात आणि तो व्रण जात नाही. लटकत्या फायलींचंही तसंच. त्या छपाईच्या कागदासाठी बनलेल्या असतात. कार्डस्टॉकचे वीस-पंचवीस कागद झाले की फाईल मधोमध खाली लोंबते आणि कागद नावेसारखा वाकतो.

४. आडव्या कप्प्यांची मांडणी

ही मांडणी करायला एक पूर्ण दिवस लागतो, त्यातला बराचसा गोंद वाळण्यात जातो. पुठ्ठ्याच्या भिंतींत खाचा पाडून फळ्या अडकवायची पद्धत दिसायला सुटसुटीत, पण वजनाने खाचा फाटतात. इथे दिलेल्या पद्धतीत वजन थेट थरांवर बसतं, खाचांवर नाही.

ए४ साठी सहा कप्पे:

- फळ्या: २६ × ३१ सेंमी, सात नग
- बाजूच्या पट्ट्या: २ × ३१ सेंमी, साठ नग
- पाठ: २६ × २२.५ सेंमी, एक नग (हा शेवटी, मांडणीची उंची मोजूनच कापा)

फळीतल्या नळ्या डावीकडून उजवीकडे जायला हव्यात, कारण फळीला आधार डाव्या-उजव्या कडांवर आहे. नळ्या समोरून मागे गेल्या तर फळी महिनाभरात झोळी होते. फळ्या कापण्याआधी प्रत्येकीवर पेन्सिलीने बाण काढा. ही चूक गोंद लागल्यावर सुधारता येत नाही.

पहिली फळी सपाट ठेवा. डाव्या आणि उजव्या कडेला पट्ट्यांचे पाच-पाच थर एकावर एक चिकटवा. ६ मिमीचे पाच थर म्हणजे ३ सेंमी. तुमचा पुठ्ठा ४ मिमीचा असेल तर सात-आठ थर लागतील, मग पट्ट्यांची संख्या त्याप्रमाणे वाढवा. त्यावर दुसरी फळी, पुन्हा थर, असं वर चढत जा. प्रत्येक दोन कप्प्यांनंतर थांबा, काटकोन लावून कडा सरळ आहेत का पाहा, वर पुस्तकांचं वजन ठेवा आणि तासभर वाळू द्या. एका दमात सहा कप्पे चढवले तर ओल्या गोंदावर सगळं घसरतं आणि मांडणी तिरकी वाळते. गोंद पातळ लावा. जास्त लावलेला गोंद पुठ्ठा भिजवतो, आणि भिजलेला पुठ्ठा वाळताना पीळ घेतो.

फळ्या बसवण्याआधी प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेत मधोमध ४ सेंमी रुंद आणि ३ सेंमी खोल गोलसर खाच कापून घ्या. इथून अंगठा आणि बोट घालून एकच कागद ओढता येतो. हे नसेल तर कोपऱ्याला धरून ओढावं लागतं, आणि कोपरा दुमडतो.

शेवटी पाठ चिकटवा. ती फक्त कागद मागे सरकू नये म्हणून नाही, तर मांडणी डावी-उजवीकडे हलू नये म्हणूनही आहे, त्यामुळे सगळ्या फळ्यांच्या मागच्या कडांना गोंद लावा. पूर्ण मांडणी एक दिवस उघड्यावर वाळू द्या. ओल्या गोंदाची वाफ बंद कप्प्यात कागदाला लागते.

आतली रुंदी २२ सेंमी मिळते. कप्प्याची उंची ३ असली तरी कागद २ सेंमीच भरा, म्हणजे २५० जीएसएमचे साधारण साठ. सहा कप्पे भरल्यावर साडेपाच किलो वजन होतं. याहून उंच मांडणी करू नका. जास्त कप्पे लागले तर तशीच दुसरी करून शेजारी ठेवा. १२ इंची कागदासाठी फळी ३५.५ × ३२ सेंमी घ्या आणि दोन फळ्या एकमेकींना चिकटवून दुहेरी करा. इतक्या रुंदीत एकेरी पुठ्ठा टिकत नाही.

५. क्रम लावा, पण एकच

रंगानुसार, वजनानुसार, पोतानुसार, ब्रँडनुसार: चारही एकदम लावायला गेलं की घरातल्या दुसऱ्या कोणालाच नव्हे, आपल्यालाही क्रम आठवत नाही. बहुतेकांचा हात काम करताना रंगाकडे जातो. म्हणून पहिला क्रम रंगाचा ठेवा, आणि प्रत्येक रंगात हलक्याकडून जडाकडे. फक्त पांढरा, ऑफव्हाइट आणि काळा यांना वेगळा न्याय द्या. हे सर्वांत जास्त खपतात आणि निवडताना वजनच बघितलं जातं, म्हणून यांचा गट स्वतंत्र, वजनानुसार, आणि हाताशी.

रंग लावण्याचं काम दिवसाच्या उजेडात करा. पिवळ्या दिव्याखाली गडद निळा आणि जांभळा, क्रीम आणि पांढरा यांची सर्रास अदलाबदल होते.

लेबल खोक्यावर किंवा दुभाजकावर लावा, कागदावर कधीही नाही. चिकटपट्टी काढताना कार्डस्टॉकचा वरचा थर सोलून येतो. रबरबँडही नको. दाबाचा व्रण राहतो, शिवाय जुना झाला की तो चिकट होऊन कागदाला डाग लावतो. गठ्ठा बांधायचाच असेल तर पाकिटाच्या कागदाची रुंद पट्टी गुंडाळून तिचीच टोकं एकमेकांना चिकटवा.

६. नमुन्यांची कडी

संपूर्ण मांडणीत ही पायरी सर्वांत स्वस्त आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगाची. खोकी आणि कप्पे बंद ठेवायचे असतील तर आत काय आहे हे बाहेर कळायला हवं.

प्रत्येक नव्या पाकिटातला एक ए४ घ्या आणि आखूड बाजूने ३ सेंमीची पट्टी कापा. २१ सेंमी लांबीच्या या पट्टीचे ७ सेंमीचे तीन तुकडे होतात.

पहिला तुकडा कडीत जातो. त्याच्या एका टोकाला भोक पाडा आणि मागे पेन्सिलीने लिहा: रंगाचं नाव किंवा क्रमांक, जीएसएम, गाभा, आणि कोणत्या खोक्यात किंवा कप्प्यात आहे. गाभा म्हणजे कागदाचा आतला थर. काही कार्डस्टॉक आरपार एकाच रंगाचे असतात, काही वरून रंगीत आणि आतून पांढरे. हे एरवी कळत नाही, पण तुकड्याचा कोपरा फाडला की लगेच दिसतं. फाडलेला कोपरा तसाच राहू द्या. पांढरा गाभा असलेल्या कागदाला घडीवर आणि कडेवर पांढरी रेघ दिसते. काही कामांत ती हवी असते, काहींत सगळी मेहनत वाया घालवते.

दुसरा तुकडा दुभाजकाच्या किंवा कप्प्याच्या लेबलावर लावा.

तिसऱ्याची रंग उडण्याची चाचणी करा. अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून तो ऊन येणाऱ्या खिडकीत दोन-तीन आठवडे ठेवा. गुलाबी, जांभळे आणि स्वस्त काळे बऱ्याचदा निराश करतात. ज्यात झाकलेला आणि उघडा भाग वेगळे दिसले, त्या रंगाच्या कडीतल्या तुकड्यावर खूण करा. भिंतीवर लावायच्या कामात तो वापरायचा नाही, बंद वहीत किंवा पाकिटातल्या कार्डात खुशाल वापरा.

कडीत तीस-चाळीसपेक्षा जास्त तुकडे झाले की ती उलगडत नाही. मग उबदार रंगांची एक, थंड रंगांची एक आणि पांढऱ्या-काळ्या-करड्यांची एक अशा तीन कड्या करा. काम सुरू करताना कडी टेबलावर उघडा, रंग तिथेच एकमेकांशेजारी ठेवून ठरवा, मग नेमके तेवढेच कागद बाहेर काढा. कागद संपला की तुकडा कडीतून काढून वेगळ्या पाकिटात ठेवा. तीच तुमची खरेदीची यादी, आणि रंग जुळवायला नमुनाही सोबत.

७. उरलेले तुकडे

तुकड्यांचा पसारा हा साठवणुकीचा नाही, निर्णय न घेण्याचा परिणाम असतो. म्हणून मापाने निर्णय आधीच ठरवून ठेवा. ए५ (१४८ × २१० मिमी) किंवा त्याहून मोठा तुकडा पूर्ण कागदांच्या सोबत, त्याच रंगाच्या पुढे. ए५ पेक्षा लहान पण ए७ (७४ × १०५ मिमी) पेक्षा मोठा तुकडा त्या रंगाच्या झिप पाऊचमध्ये. त्याहून लहान सगळे एकाच सामाईक डब्यात, पंच आणि लहान अक्षरांसाठी. कोणत्याही बाजूने ३ सेंमीपेक्षा कमी असलेले रद्दीत.

पाऊच रंगाच्या कुळाप्रमाणे ठेवा. आठ-दहा पुरतात, प्रत्येक छटेला वेगळा नको. पाऊच भरला की नवा आणायचा नाही, आधी त्यातले वापरायचे किंवा द्यायचे. यावर मी ठाम आहे: तुकड्यांना जागा वाढवून दिली की तुकडेच वाढतात.

मोठे तुकडे वापरले जावेत यासाठी ते आधीच ठरलेल्या मापात कापून ठेवा. ए६ कार्डाच्या (१०५ × १४८ मिमी) तोंडावर चारी बाजूंनी ३ मिमी कड सोडून चिकटवायचा थर ९९ × १४२ मिमीचा होतो. या मापाचे तुकडे तयार असले की घाईच्या वेळी पूर्ण कागदाला हात लागत नाही.

८. वेगळ्या स्वभावाचे कागद

ग्लिटरचे कण शेजारच्या कागदात रुततात आणि निघत नाहीत. हा कागद बंद पाऊचमध्ये, आडवा ठेवा. धातूसारखी चकाकी आणि आरसा-फॉइल असलेल्यांवर ओरखडे आणि बोटांचे ठसे उठतात. प्रत्येक दोन कागदांमध्ये पातळ गुळगुळीत कागद घाला आणि हाताळताना कडेला धरा. मागून चिकट असलेल्या कागदावर वजन ठेवू नका, गोंद कडांतून बाहेर येतो आणि पूर्ण गठ्ठा एक होतो. ते उष्णतेपासूनही लांब हवेत. अर्धपारदर्शक ट्रेसिंगसारखा कागद ओलीला सगळ्यांत आधी बळी पडतो, तो पाकिटातून कामापुरताच काढा.

९. ओल, ऊन आणि किडे

कागदात नेहमीच वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के पाणी असतं. हवा दमट झाली की तो आणखी पितो, कोरडी झाली की सोडतो. पाणी प्यायल्यावर तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, जाडीत फुगतात. म्हणून कागद तंतूंच्या आडव्या दिशेने पसरतो आणि एका बाजूला जास्त ओल मिळाली की गुंडाळला जातो. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असेल तर कार्डस्टॉक सुखात राहतो. ६५ च्या वर सलग राहिली तर बुरशीची भीती सुरू होते.

सिलिका जेलवर लोक फार भरवसा ठेवतात. हिशेब करून बघा. आठ किलो कागदात चारशे ते साडेपाचशे ग्रॅम पाणी आधीच आहे, आणि १०० ग्रॅम सिलिका जेल फार तर तीसेक ग्रॅम पाणी शोषतं. म्हणजे ओलसर कागद खोक्यात बंद करून वर पुड्या टाकल्या तर काहीच साधत नाही. कोरड्या दिवशी, आर्द्रता ५५ च्या खाली असताना कागद भरा आणि मग खोकं बंद करा. तेव्हा सिलिका जेलचं काम फक्त झाकण उघडताना आत येणारी ओल टिपण्याचं राहतं, आणि ते त्याला जमतं. सुटे दाणे ओव्हनमध्ये सुमारे १२० अंश सेल्सिअसला तास-दोन तास तापवले की पुन्हा वापरता येतात. पुड्या मात्र तशाच तापवू नका, त्यांचं वेष्टण वितळू शकतं.

दमट दिवसांत नवं पाकीट आणलं तर लगेच फोडू नका. एक दिवस खोलीत तसंच राहू द्या. कागदाचं आणि खोलीचं तापमान सारखं झालं की उघडताना कडा लाटा घेत नाहीत.

जागा निवडताना बाहेरची भिंत, न्हाणीघराची सामाईक भिंत, स्वयंपाकघर आणि छताजवळचा माळा टाळा. जमिनीपासून किमान १० सेंमी वर आणि भिंतीपासून ५ सेंमी पुढे ठेवा, म्हणजे हवा फिरते आणि वाळवीचा माग वेळीच दिसतो. थेट ऊन पडणारी जागा तर नकोच.

प्लास्टिकचा डबा घेणार असाल तर तळाचा त्रिकोण बघा. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, कागदाला चांगलं. ३ म्हणजे पीव्हीसी. उघडल्यावर उग्र वास येणारी मऊ पीव्हीसीची पाकिटं कागदाजवळ ठेवू नका. त्यातली रसायनं कालांतराने बाहेर पडून कागदाला आणि छपाईला चिकटतात.

कसर स्टार्चवर, गोंदावर आणि कागदाच्या पृष्ठभागावर जगते, आणि तिला ओल आवडते. जुनी खोकी घरात घेण्याआधी बाहेर झटका, पाकळ्यांच्या आत झुरळांची अंडी आहेत का पाहा, आणि खाण्याच्या वस्तूंची खोकी सरळ नाकारा. डांबरगोळ्या घालू नका. वास कागदात मुरतो, कार्डातून दुसऱ्याच्या घरी जातो, आणि त्यांची वाफ बंद खोलीत श्वासासाठीही वाईट. एखाद्या पाकिटाला कीड लागलीच तर ते हवाबंद पिशवीत गुंडाळून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका, नाहीतर थंड कागदावर दव धरतं.

१०. वाकलेला कागद सरळ करताना

आधी काय बिघडलंय ते ओळखा. पूर्ण कागद एका दिशेने गोल झाला असेल तर त्याला वाक आलाय. कडा लाटांसारख्या झाल्या आणि मधला भाग सपाट असेल तर कडांनी ओल घेतली आहे. उलट कडा ताणलेल्या आणि मधला भाग फुगलेला असेल तर कडा कोरड्या पडल्या आहेत. शेवटच्या दोन्ही प्रकारांत नुसतं वजन ठेवून उपयोग नाही. कागद सुटे करून कोरड्या खोलीत एक दिवस पसरा, ओल सगळीकडे सारखी होऊ द्या, मग दाबा.

वाकासाठी सात-आठ सेंमी व्यासाची पुठ्ठ्याची नळी घ्या, वाकाच्या विरुद्ध बाजूने कागद सैल गुंडाळा आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवा. घट्ट गुंडाळला तर उलटा वाक बसतो. मग दोन सपाट फळ्यांमध्ये घालून वर पाच-सहा किलो वजन ठेवा, दोन दिवस. पाणी फवारून इस्त्री करण्याचा मार्ग रंगीत कार्डस्टॉकला वापरू नका. पाण्याचे थेंब डाग सोडतात आणि असमान उष्णतेने नवा वाक येतो. सरळ झालेला कागद प्रिंटरमध्ये घालण्याआधी टेबलावर तासभर उघडा ठेवून पाहा. त्या वेळात कोपरे वर उचलले गेले तर तो अजून प्रिंटरसाठी तयार नाही.

११. दर तीन महिन्यांनी

सगळं बाहेर काढायची गरज नाही. दुभाजक सरळ आहेत का, नळीची जाडी बदलायला हवी का, आडव्या कप्प्याची फळी झोळी झाली का, आर्द्रतामापक काय दाखवतो, एवढं पाहा. आडव्या कप्प्यांतला प्रत्येक गठ्ठा एकदा पालथा करून ठेवा, म्हणजे वाक एकाच बाजूला साचत नाही. झोळी झालेली फळी काढता येत नाही, पण तिच्याखाली मधोमध ३ सेंमी उंचीचा पुठ्ठ्याचा ठोकळा सरकवून एका कप्प्याचे दोन अरुंद कप्पे करता येतात. त्यात ए४ चे उभे चिरून केलेले दोन भाग, १०५ मिमी रुंदीचे, ठेवायचे असतील तर ठोकळा १ सेंमीपेक्षा जाड करू नका आणि ते भाग आधी २ मिमीने बारीक करून घ्या.